गाडीत मागे राहणारा मालक

जपानमध्ये वापरलेल्या गाड्या बोटीने न्यूझीलंड, केनिया, श्रीलंका अशा देशांत विकायला जातात आणि पहिल्या मालकाच्या कितीतरी वस्तू त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडतात. पुढच्या सीटच्या पायापाशी अडकवलेली, संकटात पेटवायची लाल ज्योतीची नळी, काचेवरचा सरकारी तपासणीचा स्टिकर, गाण्यांच्या सीडी, आणि गाडी चालू करताच टोलचे कार्ड घातले नसल्याची जपानीत आठवण करून देणारा आवाज. आपल्याकडे परदेशात वापरलेली गाडी सहसा येत नाही. ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, मुंबई बंदरातूनच यावी, असे आयातीचे नियम आहेत आणि त्यावर सीमाशुल्कही जबर आहे. आपल्यासाठी बाहेरची गाडी म्हणजे परराज्यातली गाडी. दहा वर्षांवरचे डिझेल आणि पंधरा वर्षांवरचे पेट्रोल वाहन दिल्लीच्या रस्त्यावर नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सांगितले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले, आणि तिथल्या गाड्या मुदत संपण्याआधी इतर राज्यांकडे निघाल्या. आपले सोलापूर तर सीमेवरचेच शहर. विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२, हैदराबादकडच्या गाड्या इथे रोजच्याच.

अशी गाडी घेतली की सीटखाली चिल्लर, डिकीत जुनी चादर, कप्प्यात औषधाची चिठ्ठी किंवा लग्नपत्रिका सापडते. डॅशबोर्डवरचा गणपती किंवा विठ्ठल तर बहुतेक वेळा तसाच ठेवला जातो, आणि ते योग्यच आहे. या वस्तू डोळ्यांना दिसतात, हाताने उचलता येतात, मनात आले तर एका फोनवर परत करता येतात. माझे म्हणणे वेगळ्या गोष्टींविषयी आहे. आजच्या गाडीत जुना मालक स्वतःच मागे राहतो: त्याचे नाव, त्याचा पैसा, त्याची फोनवही. आणि त्याचा त्रास त्याला एकट्याला होत नाही, घेणाऱ्यालाही होतो.

काचेवरच्या फास्टॅगचेच पाहा. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे. तो गाडीबरोबर विकता येत नाही, कारण तो एका माणसाच्या खात्याशी जोडलेला असतो. विकणाऱ्याने तो बंद केला नाही, तर पुण्याकडे जाताना सावळेश्वरच्या नाक्यावर टोल कापला जातो जुन्या मालकाच्या खात्यातून. दुसरी बाजू फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याच क्षणी जुन्या मालकाच्या मोबाइलवर संदेशही जातो. ती गाडी घेतलेले कुटुंब कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नाक्यावरून गेले, हे एका परक्या माणसाला घरबसल्या कळत राहते. मोबाइल ॲपला जोडलेल्या गाड्यांत तर याहून पुढची गोष्ट घडते. आयबीएम कंपनीतल्या एका सुरक्षातज्ज्ञाने २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते, की आपण विकलेली गाडी नंतरही आपल्या फोनवर दिसत होती आणि तिचे दरवाजेही उघडता येत होते. गाडीच्या स्क्रीनमध्ये याच्या उलट घडते: ब्लूटूथने जोडलेल्या फोनमधली नावे, नंबर आणि नकाशात ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता तिथे उरतो.

यावर कोणी म्हणेल, फोनवहीतल्या मामा-मावशींच्या नंबरांचे कोण काय करणार? घेणारा सज्जन असेल तर काहीच नाही. पण गाडी एकाच हातात थांबत नाही. ती पुढे एजंटाकडे, मेकॅनिककडे, तिसऱ्या-चौथ्या गिऱ्हाइकाकडे जाते, आणि घराचा पत्ता व घरातल्या माणसांचे नंबर एकत्र असलेली यादी फसवणाऱ्याच्या फार उपयोगाची असते. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, हेही खरे. पण एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणून दोन माणसांमधल्या साध्या व्यवहारात त्याच्यावर भिस्त ठेवून चालणार नाही.

सगळ्यांत जड वस्तू मात्र आरसी बुकावरचे नाव. मोटार वाहन कायद्याच्या पन्नासाव्या कलमानुसार गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. परराज्यातली गाडी असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते. तरीही सह्या केलेले, तारीख न घातलेले, त्यासाठीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म हाती ठेवून गाडी वर्षानुवर्षे जुन्या नावावर फिरते. एजंटाचा खर्च वाचतो, पुढे विकायला सोपे जाते, असा हिशेब त्यामागे असतो. तो हिशेब किती महाग पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात दिसते. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचेच होते, आणि २००९ मध्ये तिच्याखाली एका मुलाचा जीव गेला. भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतल्या मालकावर ठेवली. नाव बदललेच नाही, तर अपघातात सापडलेल्या कुटुंबाने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे काय, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्ण पटतो.

हे सगळे डीलरने पाहावे, असेही म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी दिल्याची नोंद झाली, की पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. पण ओळखीच्या ओळखीने, चहाच्या टपरीवर ठरणाऱ्या व्यवहाराला हे संरक्षण नाही. तिथे उपयोगी पडते ती ताबा पावती. जाणती माणसे तिच्यावर तारखेबरोबर ताबा दिल्याची वेळही लिहून घेतात, म्हणजे त्यानंतरचा दंड किंवा अपघात कोणाच्या ताब्यात असताना झाला, याचा दोघांत वाद राहत नाही. त्याच पावतीवर आणखी तीन ओळी लिहून घ्याव्यात: फास्टॅग बंद केला, मोबाइल ॲपमधून गाडी काढली, स्क्रीनमधली माहिती फॅक्टरी रीसेट करून पुसली. हे दोघांनी गाडीत शेजारी बसून, किल्ली हातात देण्याआधी करावे. नाव बदलण्याचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात आरटीओत गेला पाहिजे, आणि विकणाऱ्याने त्याची पोच मागून घेतली पाहिजे.