खात्यातल्या माणसासमोर बोला



संघटना-विकासाचं काम करणाऱ्यांच्या या मेळाव्याचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, आभारी आहे. कौतुकाची भाषणं सकाळपासून भरपूर झाली. मी भांडायला उभा आहे. आपली विद्या काम करणाऱ्याचं ऐकण्यातून जन्मली आणि आपण ती मालकाच्या दिमतीला जुंपली, हा माझा आरोप आहे.

१९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या न्यू ब्रिटन गावी कुर्ट लेविन यांची कार्यशाळा भरली होती. दिवसभराच्या गटचर्चेची निरीक्षणं तज्ज्ञ रात्री मांडत. एका रात्री काही शिबिरार्थीही येऊन बसले. स्वतःविषयीचं निरीक्षण ऐकून एक बाई म्हणाल्या, असं घडलंच नाही; आणि त्यांनी आपली बाजू सांगितली. लेविन यांनी त्यांना बोलू दिलं. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्यासमोर बोलायचं, ही आपली पहिली शिस्त तिथे पडली.

१९५३ साली टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. स्वयंचलित साचे बसवूनही उत्पादन वाढत नव्हतं. कामाचे इतके तुकडे पाडले होते, की साचा बंद पडला तर जबाबदारी कुणाची तेच ठरेना. ठरावीक साचे एकेका गटाकडे सोपवा, असं राइस यांनी सुचवलं. गट कसे पाडायचे ते मात्र कामगारांनी आपापसांत ठरवलं. सुरुवातीची ओढाताण सरल्यावर उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला. साचेखात्यातली अक्कल साचेखात्यातच होती!

मग १९६९ मध्ये रिचर्ड बेकहार्ड यांनी या विद्येची व्याख्या केली आणि तिचं संचालन वरून व्हावं, असं त्यात घातलं. मेख तिथेच आहे. आपण ‘वरून’ तेवढं उचललं. सत्तरच्या दशकात उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाचा आराखडा केला, तेव्हा मूल्यमापनाइतकाच माणसाच्या वाढीचा विचार त्यात होता. आज बहुतेक ठिकाणी मूल्यमापन तेवढं उरलं आहे.

आपली सर्वेक्षणं पाहा. एकाच लाइनवर खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांपैकी कायम कामगाराला प्रश्नावली मिळते, कंत्राटी कामगाराला मिळत नाही. घरपोच जेवण आणणारा मुलगा तर अ‍ॅपच्या हुकमावर धावतो. तो कुठल्याच संघटनेत धरला जात नाही. या विद्येचं भविष्य विचारता? ते या माणसांपाशी अडलं आहे.

पैसे मालक देतो, मग आम्ही काय करणार, असं कुणी म्हणेल. फी मुलाने भरली, म्हणून डॉक्टर आजारी आईला न तपासता औषध लिहून देतो का?

म्हणून ठराव मांडतो. निष्कर्ष संचालकांच्या आधी कामगारांसमोर वाचले जातील, अशी अट प्रत्येक करारात घालू. कंत्राटी माणसाला वगळणारं सर्वेक्षण करणार नाही. माणसं काढायचं आधीच ठरलं असेल, तर त्यावर ‘बदल’ असं नाव रंगवायला जाणार नाही. काही कामं हातची जातील, जाऊ द्यात. ठराव आजच मताला टाका. ज्यांचा विरोध असेल त्यांनी मागे कुजबुजू नये, इथे माइकवर येऊन बोलावं.