मागे बसणारा मी, गाडी चालवणारा तो



सूत्रसंचालक बाईंनी मला 'नेमबाजीच्या छंदाविषयी दहा मिनिटे बोल' असे सांगितले आहे. खरे सांगायचे तर नेमापेक्षा मला त्या नेमापर्यंत पोहोचण्याविषयी बोलायचे आहे.

रायफल मी पहिल्यांदा हातात घेतली ती याच शाळेत, एन.सी.सी.मध्ये. पॉइंट टू-टूची ती रायफल आणि शेजारी पालथे पडून सांगणारे आपले सर तुम्हाला आठवत असतील. नेम चुकला की सर म्हणायचे, "आधी स्वतःकडे बघ, मग रायफलीकडे." सर आज समोर बसले आहेत. सर, तुमचे हे वाक्य मला पाठ होते, पण समजायला पंचवीस वर्षे लागली. ती कशी, ते सांगतो.

मोटार रिवाइंडिंगचे दुकान जरा स्थिरावल्यावर मी कर्ज काढून एअर रायफल घेतली. सराव गारगोटीत घरामागच्या पडवीत, दहा मीटर मोजून. स्पर्धा मात्र पुण्याला, बालेवाडीला. म्हणजे जवळपास २८० किलोमीटर. पहिली तुकडी सकाळीच सुरू व्हायची, म्हणून आदल्या रात्री पोहोचायला हवे. एस.टी.त एवढी लांब पेटी ठेवायला जागा नाही आणि चारचाकी आपल्याकडे नाही.

पहिल्या वेळी मी एकटाच मोटारसायकलवर गेलो. पेटी पाठीवर, जाकीट आणि बूट टाकीवर. हँडलच्या थरथरीने बोटे इतकी बधिर झाली होती, की दुसऱ्या दिवशी सकाळीही ट्रिगर नीट जाणवेना. नेमबाजाचे सगळे त्या एका बोटात असते. परत आलो तेव्हा रायफल विकायच्या विचारात होतो.

तेव्हा माझा बाकावरचा जोडीदार, जो आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहे, तो म्हणाला, "मर्दा, तू मागं बस. गाडी मी हाणतो." त्याचा दुधाचा धंदा. पहाटेचे दूध भावाच्या गळ्यात घालून तो निघायचा. गाडीला किटल्या अडकवायची लोखंडी चौकट होती. तिच्यात एका बाजूला माझे कॅनव्हासचे ताठ जाकीट आणि पँट, दुसऱ्या बाजूला बूट आणि छर्ऱ्यांचे डबे. पेटी माझ्या पाठीवर उभी आणि तिच्या बुडाखाली कॅरिअरवर जुन्या ट्यूबची चार पदरी घडी. मागची साईट काढून टॉवेलात गुंडाळायची आणि ती मांडीवर घ्यायची. ही सगळी युक्ती त्याची.

पेठ नाका, कराड, सातारा, मग खंबाटकीचा बोगदा. बोगद्यातून बाहेर पडले की उताराचे वळण, तिथे तो दर वेळी ओरडायचा, "पेटी धर!" चहाच्या टपरीवर लोक विचारायचे, "काय, तंबोरा काय?" हा गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "डेअरीचं मशीन हाय." एकदा रात्री पोलिसांनी पेटी उघडायला लावली. नळीत घातलेली सुरक्षेची रंगीत दोरी, बिल आणि ओळखपत्र बघून त्यांनी उलट आम्हालाच चहा पाजला.

अशी चार वर्षे गेली. २०१९ साली माझे गुण पहिल्यांदा राज्य पातळीच्या बेताला आले होते. त्या वेळी शिरवळच्या पुढे अंधारात गाडी खड्ड्यात आदळली. पेटी माझ्या डोक्याला लागली, पण आम्ही पडलो नाही. दुसऱ्या दिवशी मी फार वाईट खेळलो. बाहेर आलो आणि चार लोकांसमोर त्याला म्हणालो, "तुझ्या त्या खड्ड्यानं माझं वर्ष घालवलं. दुधाच्या किटल्या वाहायच्या लायकीचा आहेस." तो काही बोलला नाही. येताना खंबाटकीचा घाट आणि पाऊस. घरापर्यंत एक शब्द नाही. दारात त्याने पेटी उतरवून, पुसून माझ्या हातात दिली आणि गेला. त्यानंतर मी स्पर्धेला गेलो नाही.

आता जे सांगतो ते नीट ऐका. स्पर्धेआधी पंधरा मिनिटे सरावाचे छर्रे मारायला मिळतात, हवे तितके. साईट हलली असेल तर तेव्हाच दुरुस्त करता येते. शिवाय साईट हलली असती, तर माझे सगळे छर्रे एकाच बाजूला गेले असते. माझे साठ छर्रे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, असे चहूकडे विखुरले होते. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलीमीटरचा असतो. तिथे खड्डा नव्हे, माझी छाती धडधडत होती. मी घाबरलो होतो. हे मला पडद्यावर त्याच दिवशी दिसले होते. तरी मी त्याला बोललो.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक मिळवले. त्या दुपारी पाच वर्षांनी त्याचा फोन आला. "बघितलंस काय?" एवढेच म्हणाला. मग थोडे थांबून, "रायफलीला तेलपाणी करतोस न्हवं?" तेव्हाही माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. जीभ जड झाली, मी 'हो हो' म्हणून फोन ठेवला.

म्हणून आज, चार लोकांसमोर बोललो होतो तर सगळ्या तुकडीसमोर सांगतो. मित्रा, चूक खड्ड्याची नव्हती आणि तुझी तर नव्हतीच. चूक माझी होती. मला माफ कर. सर, तुम्ही बरोबर होता.

रायफलीला तेलपाणी केले आहे. ट्यूबची घडीही तशीच जपून ठेवली आहे. आता माझे वय झाले, डोळ्याला चष्मा आला, पदक काही मिळायचे नाही. पण बालेवाडीला एकदा जाऊन यायचे आहे. तू गाडी चालवणार असलास तरच.