निवडुंगाचा पतंग आणि उल्हासची जलपर्णी



ठाणे-कल्याण परिसरात बांधावर ज्यास आपण निवडुंग म्हणतो, ते पुष्कळदा पांढरा चीक असलेले, शेराच्या कुळातील झाड असते. फड्या निवडुंग मात्र अमेरिका खंडातून आलेला परका होय. त्याच्या शत्रूंची कथा आपल्यासाठी उद्बोधक आहे.

किरमिजी रंगाच्या लोभाने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, ब्राझीलहून एक किडा हिंदुस्थानात आणण्यात आला. अपेक्षित रंग त्याने दिला नाही. पण फड्या निवडुंगाच्या एका जातीचा त्याने फडशा पाडला. दक्षिणेत माजलेल्या दुसऱ्या जातीस तो तोंड लावीना. तिच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेहून त्याचाच भाऊबंद आणावा लागला.

ऑस्ट्रेलियात हेच काम एका लहान, करड्या-तपकिरी पतंगाने केले. त्याची मादी अंड्यांची चळत काट्यासारखी उभी रचते. नारिंगी अळ्या पानासारख्या जाड खोडात शिरून ते आतून पोखरतात. १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून हा पतंग तेथे नेल्यावर अवघ्या दहा वर्षांत कोट्यवधी एकर जमीन मोकळी झाली. बूनार्गा येथील शेतकऱ्यांनी १९३६ मध्ये त्याच्या नावाने सभागृह उभारले.

परंतु १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडलेला हाच पतंग १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला आणि तेथील मूळच्या निवडुंगांवर तुटून पडला. निवडुंग हे जेथे अन्न आणि चारा आहे, त्या मेक्सिकोने २००६ मध्ये आपल्या बेटावर तो दिसताच त्याच्या निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. एका देशाचा उपकारकर्ता दुसऱ्या देशाचा वैरी ठरला.

आपल्या दाराशी उल्हास नदी आहे. कल्याण-डोंबिवलीकरांची तहान भागविणाऱ्या या नदीवर जलपर्णीचा हिरवा थर साचत आला आहे. ही वनस्पतीही अमेरिकेचीच. तिच्यावर जगणारे सोंडकिडे १९८० च्या दशकात पारखून भारतात आणले गेले. तथापि, नदीत सोडलेल्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसली जाते. किडा पान खाईल; सांडपाणी अडविणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते काम ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनाच करावे लागेल.

म्हणून परदेशी कीटक परवानगीवाचून कोणी आणू नयेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्थानिक झाडांची ओळख करून द्यावी, आणि पंचायत सदस्यांनी गावचे सांडपाणी नदीत जाण्यापूर्वी शुद्ध होते की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. निसर्गाचे साहाय्य अवश्य घ्यावे. मात्र आपले कर्तव्य त्याच्यावर सोपवू नये.