लोकप्रतिनिधीने गाऱ्हाणे स्वतः ऐकावे काय?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्यापुढे ठेवलेला विषय वरवर पाहता अगदी सोपा आहे. निवडून आलेल्याने निवडून देणाऱ्याचे ऐकावे, याला 'नाही' कोण म्हणेल? परंतु खरी अडचण 'स्वतः' या एका शब्दात आहे. आमदाराजवळ स्वीय सहायक असतो, गावोगाव कार्यकर्ते असतात, टपाल आहे, दूरध्वनी आहे, घरबसल्या तक्रार नोंदवण्याची सोय सरकारने केली आहे. मग त्या माणसाने स्वतःच समोर बसावे, हा आग्रह कशासाठी?

मेडशीकरांना या प्रश्नाचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही. एके काळी विधानसभेच्या एका मतदारसंघालाच मेडशीचे नाव होते. २००८ च्या पुनर्रचनेत ते गेले आणि २००९ पासून आपण रिसोड मतदारसंघात मत देतो. १९९८ च्या १ जुलैपर्यंत आपला जिल्हा अकोला होता, तो वाशीम झाला. लोकसभेचे मत मात्र आजही अकोल्याच्याच जागेसाठी पडते. तालुक्याचे काम मालेगावला. म्हणजे एकाच माणसाला चार दिशांना चार दारे! अशा गावात, आपण निवडून दिलेला माणूस नेमका कोठे आणि केव्हा भेटेल, हा प्रश्न मानपानाचा राहत नाही. एका फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते, असा तो पोटाचा प्रश्न होतो.

आता प्रतिपक्ष काय म्हणतो तेही न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. त्याचा पहिला आक्षेप गणिताचा आहे. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे नऊ कोटी सत्तर लाख मतदार होते आणि जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे सव्वातीन लाखांहून अधिक माणसे. प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची आणि रोज आठ तास बसायचे म्हटले, तर दिवसाला शहाण्णव माणसे होतात. एकही सुटी न घेता सर्वांना एकेकदा भेटायला साडेनऊ वर्षे लागतील, आणि मुदत तर पाचच वर्षांची! शिवाय कायदे करणे आणि सरकारला जाब विचारणे हे त्याचे मुख्य काम. ते केव्हा करायचे?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समजा, एका विधवेचे निराधार अनुदान अडले आहे. ती आमदाराकडे जाते, आमदार तहसील कचेरीत फोन करतो, काम होते. बाई हात जोडते. पण वस्तुतः ते अनुदान तिच्या हक्काचे होते. हक्काची गोष्ट फोनने मिळाली की तिची मेहेरबानी होते, आणि जिच्यासाठी फोन करणारा कोणी नाही अशी शेजारीण तशीच रांगेत उभी राहते. असे ऐकणे लोकशाहीला पोसत नाही. ते जुन्या दरबाराला नवे कपडे घालते. हा आक्षेप आम्हांला पुष्कळसा मान्य आहे.

तरीही लोकप्रतिनिधीने स्वतः ऐकलेच पाहिजे, असे आम्ही म्हणतो. का म्हणतो, ते सांगण्यासाठी आपल्याच विदर्भातील एका दिवसाची आठवण करून देणे भाग आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने ठरले की विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरवावे. सरकारने मुंबईत बसून लोकांची वाट पाहू नये, कधीतरी लोकांच्या दाराशी यावे, ही त्यामागची भावना. म्हणूनच हिवाळी अधिवेशन आले की विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून मोर्चे नागपूरकडे निघतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी असाच गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा निघाला. गुरे राखून पोट भरणारी ही माणसे, बायका-मुले बरोबर घेऊन आलेली. आपली गणना अनुसूचित जमातींत व्हावी, ही त्यांची मागणी. पोलिसांनी मोर्चा अडवला. सरकारतर्फे कोणीतरी येऊन आपले निवेदन घेईल, म्हणून लोक थांबून राहिले. दिवस कलला तरी कोणी आले नाही. मग गर्दी हलली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. आज नागपुरात त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे.

आता या घटनेचा दुसरा भाग पाहा. १९९५ मध्ये सरकारने या समाजाचा समावेश विशेष मागास प्रवर्गात केला. पुढे उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अनुसूचित जमातींच्या यादीत भर घालायची तर ती संसदेनेच घालायची असते. म्हणजे त्या संध्याकाळी एखादा मंत्री आला असता, तरी ती मागणी तो जागच्या जागी मान्य करूच शकत नव्हता. मग येऊन त्याने काय साधले असते? तो निवेदन हातात घेता, "हे माझ्या एकट्याच्या हातचे नाही, पण तुमचे म्हणणे मी सभागृहात मांडतो," असे म्हणता, तर लोक आपली मुले घेऊन घरी परतले असते, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हीही त्यांतलेच.

आमचे सारे म्हणणे या एका गोष्टीत आहे. ऐकणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी मान्य करणे कायद्यावर, पैशावर, इतरांच्या हक्कांवर अवलंबून असते. ऐकून घेणे मात्र कशावरच अवलंबून नसते. ते निरपवाद देणे आहे. आणि हे देणे सहायकामार्फत फिटत नाही, कारण मत आपण सहायकाला दिलेले नसते. 'नाही' हा शब्दसुद्धा ज्याला निवडून दिले त्याच्याच तोंडून ऐकण्याचा आपला अधिकार आहे.

ऐकण्याने केवळ अनर्थ टळतो असेही नाही. त्यातून कायदे जन्मतात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे, मागेल त्या मजुराला काम देण्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात त्याच कल्पनेने लाखो हातांना काम दिले. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या शेजारच्या पुसदचे वसंतराव नाईक. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. पागे यांनी खेड्यातल्या मजुराची अडचण पाहून एखाद्या ओळखीच्याला चिठ्ठी लिहून कामावर लावले असते, तर एकाचे घर चालले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. त्यांनी एका गावाच्या गरजेतून सर्वांचा हक्क घडवला. गाऱ्हाणे एकाचे ऐकावे आणि उपाय शंभरांचा शोधावा, तो असा. दुसऱ्या आक्षेपाला आमचे उत्तर हेच.

राहिला गणिताचा आक्षेप. सव्वातीन लाखांना एकेकटे भेटणे अशक्य आहे, हे खरे. पण एकेकटे भेटावे असे म्हटले कोणी? बंद खोलीत एकेकाला भेटण्यानेच तर मेहेरबानी जन्मते. लोकप्रतिनिधीने ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी, चावडीवर किंवा शाळेच्या ओट्यावर, सर्वांदेखत बसावे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी लोकशाही दिन पाळतात. अधिकाऱ्याला जे जमते ते निवडून आलेल्याला का जमू नये? प्रत्येक गाऱ्हाणे वहीत लिहावे, आणि पुढच्या खेपेस आधी मागच्या वहीचे वाचन करावे : हे झाले, हे झाले नाही, हे होण्यासारखे नाही. एकाच प्रकारचे गाऱ्हाणे दहा गावांत निघाले, तर तो सभागृहात विचारण्याचा प्रश्न झाला असे समजावे.

आणि शेवटी आपल्याकडेही वळून पाहू. आपणही भेटायला जातो ते बहुधा बदलीसाठी, ठेक्यासाठी, पोराच्या नोकरीसाठी; आणि दार लोटून घेतले तर आपल्यालाही बरेच वाटते. खाजगी काम घेऊन जाणारा गावच लोकप्रतिनिधीला दरबारी बनवतो. पुढच्या वेळी आपला माणूस मेडशीत येईल, तेव्हा त्याला बाजूला घेऊ नका. सर्वांसमक्ष उभे राहून प्रश्न विचारा आणि वहीत लिहून घ्या म्हणा. शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला, जिला बोलायचे आहे पण धीर होत नाही, तिला आधी बोलू द्या.