मुलाच्या चालीनं

(रेडिओवरील भाषण)



डिसेंबर उजाडला की आपल्या नवी मुंबईत स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहापासून सोसायटीच्या आवारातल्या मांडवापर्यंत, बालवर्गाचा एक नाच ठरलेला. गाणंही बहुधा ठरलेलं : ‘नाच रे मोरा’. गदिमांनी लिहिलेलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल लावलेलं, आशाताईंनी गायलेलं. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं हे गाणं. चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. गाणं मात्र बालवाड्यांनी दत्तक घेतलं.

स्पीकरवर गाणं सुरू होतं. रंगमंचावर दहा-बारा मोर. सुरुवात झकास होते. मग एकाचा पिसारा सुटतो. एकीला पहिल्या रांगेत आजी दिसते आणि ती हात हलवत उभीच राहते. एक मोर शेजारच्याचं बघून करू म्हणून थांबतो, तर तो शेजारचा याच्याचकडे बघत थांबलेला असतो. गाणं पुढे निघून जातं, मोर मागे राहतात. प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि विंगेतल्या बाई घामाघूम होतात.

आता हेच गाणं वर्गात बघा. स्पीकर नाही, पेटी नाही. बाई स्वतःच्या गळ्यानं म्हणताहेत. गळा बसलेला, सूर जरा इकडेतिकडे. पण एखादा मोर पिसारा सावरत असला, तर बाई ओळ लांबवतात. सगळे आले की पुढे सरकतात. आणि गंमत अशी की इथे कुणी मागे राहत नाही. आशाताईंच्या आवाजाची सर बाईंच्या आवाजाला येणार नाही, हे उघडच आहे. पण बाईंचा आवाज मुलांसाठी थांबतो.

मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. लहान मुलाला गाणं म्हणून दाखवणं आणि चित्रांचं पुस्तक वाचून दाखवणं, या दोन्हींत खरं मोल आहे ते या थांबण्याला. गाण्याची गोडी, चित्रांचे रंग, गोष्टीचं तात्पर्य, हे सगळं त्याच्या मागून येतं.

आपली जुनी बाळगाणी कशी बांधलेली आहेत बघा. बाळाच्या तळहातावर मोर बसवायचा, त्याला चारा घालायचा, पाणी पाजायचं आणि शेवटी भुर्रकन उडवून लावायचं. किंवा बोटं चालवत चालवत हातावरून वर न्यायची आणि काखेत गुदगुल्या करायच्या. कोपरखैरण्याला माथाडी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. पुष्कळजण साताऱ्याकडचे. तिथे एका आजींना मी दहा महिन्यांच्या नातवाशी हा खेळ खेळताना पाहिलं. बोटं मनगटापाशी आली, कोपरापाशी आली, आणि तिथे आजी थांबल्या. एक शब्द नाही. पोरानं श्वास रोखलेला, खांदा आधीच कानाला लागलेला. गुदगुल्या अजून झालेल्या नव्हत्या आणि ते हसायला लागलं होतं. पुन्हा एकदा तसंच. मग पुढच्या खेपेला आजी थांबल्या, तेव्हा त्यानं आजींचं बोट मुठीत धरलं आणि स्वतःच काखेकडे ओढलं.

त्याला बोलता येत नव्हतं. पण आधी तुझी पाळी, मग माझी पाळी, हा संभाषणाचा पहिला नियम त्याला कळला होता. कोपरापाशी आजी थांबल्या नसत्या तर त्याला बोट ओढायला सवडच मिळाली नसती.

पुस्तकात ही सवड प्रत्येक पानाला असते. मोठ्यांना वाटतं, मजकूर वाचून झाला की पान उलटायचं. मूल मजकूर वाचत नाही, ते चित्र वाचतं, आणि चित्रातलं सुद्धा आपल्याला वाटतं ते नव्हे. बांधकामावरच्या एका पाळणाघरात घडलेलं सांगते. चित्रात एक घर, अंगण, आणि झाडाखाली बसलेली आजी. ताईंनी आजीची गोष्ट सांगायला घेतली. साडेतीन वर्षांच्या एका मुलीनं घराच्या भिंतीवर बोट ठेवलं. चित्रकारानं तिथे नुसत्या विटा काढल्या होत्या. ती म्हणाली, “पलस्तर बाकी है.” ताईंनी आजीला झाडाखालीच बसू दिलं आणि विचारलं, “अरेच्चा, खरंच की! मग कोण करणार?” “बापू.” मग ताईंच्या प्रश्नाची वाट न बघता मुलगी सुटलीच. रेती चाळायची, घमेलं भरायचं, परांचीवर चढायचं, थापी मारायची, दुसऱ्या दिवशी भिंतीला पाणी मारायचं. आजीची गोष्ट त्या दिवशी झालीच नाही. पण एरवी दोन शब्दांत उत्तर देणारी मुलगी त्या पानावर सलग बोलत राहिली.

हा केवळ योगायोग नाही, याला अभ्यासाचा आधार आहे. १९८८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यात, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या तीसएक मुलांवर एक प्रयोग केला. घरी पुस्तक वाचून दाखवणं सगळ्याच पालकांचं चालू होतं. निम्म्या पालकांना फक्त वाचायची रीत बदलायला सांगितली. मुलाला बोलतं करा, तो म्हणेल त्यात थोडी भर घाला, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल असे प्रश्न कमी विचारा. फक्त चार आठवडे. त्यानंतर एका भाषिक चाचणीत ही मुलं दुसऱ्या गटापेक्षा साडेआठ महिन्यांनी पुढे निघाली. वाचनाची वारंवारता दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. फरक होता तो कोण जास्त बोलतं याचा.

इथे एक सावधगिरीची सूचना. बोलतं करा म्हटलं की आपल्या हातून परीक्षा सुरू होते. “हा कोण? रंग कोणता? किती बदकं? इंग्लिशमध्ये सांग बघू!” नर्सरीच्या प्रवेशाची धास्ती घेतलेल्या घरांत तर पुस्तक उघडलं की तोंडी परीक्षाच. मूल दोन दिवस उत्तरं देतं, तिसऱ्या दिवशी पुस्तक बघून पळ काढतं. त्यापेक्षा आपल्याला खरंच माहीत नाही ते विचारावं. “हा मुलगा खिडकीतून काय बघत असेल रे?” याचं उत्तर आपल्याकडे नाही. मग मूल जे सांगेल ते आपण ऐकतो, तपासत नाही.

मराठीत अशी पुस्तकं आहेत का, असं पुष्कळ पालक विचारतात. आहेत, आणि उत्तम आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी घ्या. लेखणी आणि कुंचला दोन्ही त्यांच्याच हातात. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांत ना राजा आहे ना राक्षस. एका लहान मुलीच्या घरातली माणसं आहेत, बस्स. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर चित्रं बघून गप्पा मारण्यासाठीच आहे. २०१४ साली साहित्य अकादमीनं त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. मुलांच्या कवितेत विंदा करंदीकर आहेत. ‘राणीची बाग’ १९६१ सालचं. त्या कविता मोठ्यांदा म्हणायच्या, म्हणताना प्राणी व्हायचं आणि स्वतःची अजिबात लाज बाळगायची नाही. पैशांची अडचण असेल तर नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर चित्रकथा फुकट वाचायला मिळतात, मराठीतल्याही.

ही शेवटची पुस्तकं फोनवर वाचायची, म्हणून फोनबद्दल दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की एक वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून फार तर तासभर, त्याहून कमी असेल तर चांगलंच. आणि मूल बसलेलं असेल तेव्हा त्याला वाचून दाखवा, गोष्टी सांगा. मी याला एकच जोड देईन. फोनवरचं बाळगाणं रंगीत असतं, सुरात असतं, पण ते मुलाकडे बघत नाही. मूल उत्तर द्यायला तोंड उघडतं तोवर पुढचं गाणं लागलेलं असतं. काही दिवसांनी ते तोंड उघडायचं सोडून देतं. म्हणून फोनवर गोष्ट वाचायची असेल तर मूल मांडीवर, फोनचा आवाज बंद आणि पान सरकवायचं काम मुलाच्या बोटाकडे.

आता आपल्या शहराकडे येते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसायला लागलं. दिवाळे, करावे, घणसोलीसारख्या गावांत आगरी-कोळी घरांमधून आजही लग्नात धवलारीण धवले गाते. तिच्या घरच्या नातवंडाला गाण्याची वाण नाही. बाकीचे आपण मात्र कुठून कुठून आलो. आजी गावाला, आई-बाबा दोघं हार्बर लाइनवर, मूल पाळणाघरात. घरात मल्याळम, मराठी किंवा भोजपुरी, लिफ्टमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. अशा घरातले आईवडील मला विचारतात, मुलाशी कुठल्या भाषेत गायचं? माझं उत्तर सोपं आहे. ज्या भाषेत तुम्हाला विनोद सुचतो, त्या भाषेत. कारण मुलासाठी थांबायचं म्हणजे ऐन वेळी शब्द बदलायचे, नाव गुंफायचं, ओळ वाढवायची. हे पाठ केलेल्या परक्या भाषेत जमत नाही. इंग्रजी गाणी शाळा शिकवेलच. आगरीतलं गाणं शाळा शिकवणार नाही.

मोठ्यांनी मुलाच्या चालीनं चालायचं, ही आपल्या महाराष्ट्राची जुनी शिकवण आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

तोच विचार बांधकामावरही दिसतो. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं. १९७२ पासून ते काम मुंबईत आलं आणि आज मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था ते चालवते. टॉवर पुरा झाला की मजूर पुढच्या जागी जातात, आणि पाळणाघरही जागा बदलतं. १९९६ च्या कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील अशा बांधकामावर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली देणं बंधनकारक केलं होतं. आकडा पन्नासचा असल्यानं कितीतरी लहान बांधकामं त्यातून सुटायची. खारघर-उलव्याकडे नवा टॉवर बघायला जाल तेव्हा सॅम्पल फ्लॅटसोबत एवढीही चौकशी करा, की इथली मुलं दिवसभर कुठे असतात?

आणि आपल्या सोसायटीत काय करता येईल? क्लबहाउसमध्ये एक फळी ठोका, मोठ्यांच्या गुडघ्याइतक्या उंचीवर. वर दहा-पंधरा चित्रांची पुस्तकं, पुठ्ठा दिसेल अशी उभी ठेवलेली. कुलूप नको, वही नको. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या आजोबांनी तिथे सतरंजीवर बसावं. वाचता येत नसेल तरी चालेल, चित्राला अक्षरओळख लागत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींची मुलंही तिथे येऊ द्या, त्यांना वेगळी वेळ नेमून देऊ नका.

नऊ वाजता लोकलमधून उतरणाऱ्या बाबांसाठी शेवटचं. तुमच्याकडे दहाच मिनिटं आहेत, हे मान्य. दहा मिनिटांत एक पुस्तक होतं. मूल कालचंच पुस्तक आणेल. कंटाळू नका, तेच वाचा; त्याला ते पाठ झालेलं असतं, म्हणूनच त्याला तुमच्या आधी बोलता येतं. मध्येच मुद्दाम चुका, ते तुम्हाला दुरुस्त करील. वर्षाच्या आतलं बाळ पुस्तक चावेल, दीड वर्षाचं फाडेल. फाडू द्या. चिकटपट्टी आणा, त्याला शेजारी बसवा आणि पान जोडा. पट्टी वाकडी लागली तरी त्यालाच लावू द्या.