दिव्याचे बिल आणि गरिबाचे घर



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास ऐकावा, काव्यशास्त्रविनोद ऐकावा, अशी आपली रीत आहे. तेथे विजेच्या बिलाचे दळण कशाला, असे कोणाच्या मनात आले तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु ज्या घरात बिलाची मुदत आणि किराण्याची उधारी एकाच आठवड्यात येतात, त्या घराला हा विषय नीरस वाटत नाही. पाण्याचा खर्च बहुधा सोसायटीच्या हिशेबातून विभागून येतो. त्याचे दुखणे निराळे आहे. आज विजेपुरतेच बोलतो.

आपले गाव मिठागरांचे, उत्तनच्या कोळीवाड्यांचे आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. ही माणसे आली ती मुंबईत घर परवडेना म्हणून. त्यांतील कितीतरी कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, किंवा चाळीतल्या एका खोलीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण मदतीचे पुष्कळसे घोडे येथेच अडते.

गरिबाला काही सवलत नाही काय? आहे. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकासाठी राज्यात वेगळा, स्वस्त दर आहे. त्याला अट अशी की वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत असावा, म्हणजे महिन्याला ३०. आता हा हिशेब घरी करून पाहा. पंच्याहत्तर वॅटचा एक पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिटे जातात. नऊ वॅटचे दोन दिवे पाच-पाच तास लावले की आणखी पावणेतीन. एकूण झाली २९ युनिटे आणि वर पाऊण! मुलाचा मोबाइल अंधारात बसून चार्ज करावा, अशीच बहुधा अपेक्षा असावी. आणि ज्या घरात म्हातारी आजारी आहे, जेथे पंखा चैत्र-वैशाखात दिवसरात्र चालतो, ते घर वर्षअखेरीस या वर्गातून बाहेर पडते. गरज वाढली म्हणून सवलत गेली, असा हा उफराटा न्याय आहे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. आपले दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढे ३०० पर्यंत महाग, त्यापुढे अधिकच महाग. जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु मीटर माणसे मोजीत नाही. एका मीटरवर तीन बिऱ्हाडे असली आणि प्रत्येकाने ८० युनिटे जाळली, तर मीटर २४० दाखवते आणि त्यांतील १४० युनिटांना चढा दर लागतो. तीन मीटर असते तर सगळी युनिटे पहिल्याच टप्प्यात बसली असती. शिवाय बिल मालकाच्या नावे. भाडेकरूने द्यायचे ते मालक ठरवील त्या दराने. सवलत नावाला चिकटलेली आणि पंखा मात्र दुसऱ्याच्या खोलीत, अशी स्थिती.

छपरावर सूर्यघर योजनेखाली सौरसंच बसवा, असे २०२४ पासून सांगण्यात येते आणि त्यासाठी केंद्र सरकार घरटी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देते. योजना चांगली आहे. पण अनुदानाला छप्पर लागते!

संकट आले की काय होते, ते आपण २०२० साली पाहिले. टाळेबंदीत मीटरवाचन थांबले. हिवाळ्यातल्या महिन्यांच्या सरासरीने बिले आली, आणि जूनमध्ये खरे वाचन होताच उन्हाळ्याचा सारा फरक एकदम अंगावर आला. त्या वेळी पगार बंद होते. तीन हप्त्यांची मुभा मिळाली, सवलतीची आशाही दाखवली गेली. नोव्हेंबरात ऊर्जामंत्र्यांनी सांगितले की वापरले त्याचे पैसे भरावे लागतील. सवलत द्यायची नव्हती तर आशा तरी दाखवायची नव्हती. पुढे महावितरणने २०२४ साली अभय योजना काढली. वीज कायमची तुटलेल्यांना मूळ थकबाकी भरल्यावर व्याज माफ. परंतु ती महावितरणच्या ग्राहकांना. आपल्याकडचा पुरवठा खाजगी कंपन्यांचा. आपण त्या छत्रीबाहेर. आणि मला त्या ‘अभय’ शब्दाचेही कोडे वाटते. दिवा विझल्यावर अभय देण्यापेक्षा विझण्याआधी हात द्यावा.

कायद्यात थोडा आधार आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्यावाचून जोडणी तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांतील जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे आपल्या किती शेजाऱ्यांना ठाऊक आहे? मात्र हा आधार चुकीच्या बिलाविरुद्ध आहे. बिल बरोबर आहे आणि खिसा रिकामा आहे, त्याला कलम काय करील?

इंग्लंडात थंडीने माणसे दगावतात, म्हणून २०११ पासून गरीब घरांच्या वीजबिलातून ठराविक रक्कम वजा करतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०२२ पासून बहुतेक पात्र कुटुंबांना अर्जही करावा लागत नाही. सरकारी नोंदी पाहून पुरवठादारच ती वळती करतो. आपल्याकडे थंडीच्या जागी उकाडा घाला.

पैसा कोठून आणावा, असे विचाराल. घरगुती बिलावर राज्य सरकार शेकडा १६ वीजशुल्क घेते. ते चाळीतला ग्राहकही भरतो. त्यातला काही वाटा अडचणीतल्या घरांसाठी बाजूला काढता येईल. त्याच कायद्याचे ६५ वे कलम म्हणते की सरकारला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम त्याने आगाऊ भरावी. तेव्हा कंपनीलाही तक्रारीला जागा राहत नाही. फुकट विजेचा मी कैवारी नाही. फुकटात श्रीमंताचा वातानुकूलकही पोसला जातो. पिवळ्या शिधापत्रिकेवर घराची नोंद आधीच आहे, भाडेकरूचीही होऊ शकते. मीटर कोणाच्याही नावे असो, त्या पत्रिकेवरून उन्हाळ्याच्या तीन महिन्यांची मदत थेट कुटुंबाच्या खात्यात जावी, आणि तोडणीच्या नोटिशीवरच ठळक मराठीत हप्त्यांची सोय आणि गाऱ्हाणे मांडण्याचा पत्ता छापावा. दुसऱ्या मागणीला तर कागदावरच्या चार ओळींपलीकडे खर्च नाही. ती आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांमार्फत या महिन्यातच पुढे नेता येईल.