एक सेमिस्टर गावात, नजर जगावर
(धाराशिव येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रमैत्रिणींनो, माझी शाळा याच जिल्ह्यात झाली. आता पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. करिअरवर बोला म्हणून तुम्ही बोलावलंत, पण आधी एक कबुली देतो. इंजिनिअरिंगला असताना मी इंटर्नशिप केली नाही, तिचं सर्टिफिकेट आणलं. पैसे भरले, कागद मिळाला, मार्क मिळाले. तेव्हा हुशारी वाटली होती.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार तुमच्या पदवीत फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजाशी जोडून घेण्याचं काम असे क्रेडिट आले आहेत. इंटर्नशिपचा एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. चार क्रेडिट म्हणजे १२० तास. हे तास खरे जगायचे की विकत आणायचे, हे तुमच्या हातात आहे.

परदेशात काही विद्यापीठं एक अख्खं सेमिस्टर यासाठी देतात. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीने १९४७ मध्ये असं सेमिस्टर सुरू केलं. आठवड्यातले काही दिवस जागतिक घडामोडी, परराष्ट्र धोरण शिकायचं आणि उरलेले दिवस एखाद्या संस्थेत काम करायचं. आपल्याला वाटतं, हे श्रीमंत देशांचे लाड. पण मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रामीण संकुल आपल्या तुळजापुरात आहे. देशभरातली मुलं तिथं येतात आणि आपल्याच गावांत जाऊन फील्डवर्क करतात. आपण मात्र ती पाटी एसटीच्या खिडकीतून बघतो.

‘जागतिक’ म्हणजे लांबचं, हा गैरसमज काढून टाका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी अगदी लहान होतो. किल्लारी आणि सास्तूर ही नावं घरी ऐकतच मोठा झालो. त्यानंतरच्या पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्यासोबत होती. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. पुढे २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय संबंधांचा याहून चांगला धडा कुठला?

आजचंच घ्या. आपल्या सोयाबीनचा भाव ब्राझीलचं पीक आणि पामतेलावरचं आयात शुल्क ठरवतं. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देणं बंद झालं. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या छोट्या संस्थेत काम केलंत, तर हा बदल तुम्हाला पुस्तकातून नाही, तिच्या जमाखर्चाच्या वहीतून कळेल.

आता माझ्या मामेबहिणीचं सांगतो. पदवीला असताना तिने एका संस्थेसाठी मोहल्ल्यात घरोघरी सर्व्हे केला. फॉर्मवर प्रश्न होता: मुलाला स्कॉलरशिप मिळते का? बऱ्याच घरी उत्तर ‘नाही’. फॉर्म तिथंच संपत होता. हिने पुढे विचारलं, का नाही? आधारवर ‘शेख’ आधी, शाळेच्या दाखल्यावर नंतर. बापाचं नाव बँकेत एक, रेशनकार्डावर दुसरं. तिने कागदावर हाताने एक रकाना वाढवला: ‘नावातला फरक’. संस्थेने नंतर कागदपत्रं दुरुस्त करायचा कॅम्प लावला.

तिने हे मला सांगितलं तेव्हा मी गप्प झालो. कारण तसे फॉर्म आम्हीच बनवतो. नाव जुळलं नाही की लाल अक्षरात ‘एरर’. मी तो नियम लिहिताना एकदाही माझ्या अब्बांचं रेशनकार्ड आठवलं नव्हतं. तिने १२० तासांत जे पाहिलं, ते मला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी दाखवलं नाही, आणि जी संधी होती ती मी विकत घेतलेल्या कागदाने घालवली.

आपण सच्चर समितीचा २००६ चा अहवाल प्रत्येक भाषणात काढतो. आपल्यावर अहवाल लिहिले जातात. ते लिहिणाऱ्यांत, रकाने ठरवणाऱ्यांत आपण किती आहोत?

मला अडचणी माहीत आहेत. अब्बा विचारतील, पगार किती? अम्मी विचारेल, मुलगी एकटी कुठं जाणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घर भाऊ-बहिणीच्या कमाईवर चालतं तिथं फुकट काम हा उपदेश नको. म्हणून जवळून सुरुवात करा. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशन आहे. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका घडवल्या. अशा कुठल्याही संस्थेत जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: काम नेमकं काय, शिकवणार कोण, बसभाडं आणि जेवण मिळणार का? नुसते फोटो काढायला आणि फाइल उचलायला ठेवणार असतील तर सलाम करून परत या. आणि घरच्यांना एकदा ती जागा दाखवून आणा. अर्धी भीती तिथंच जाते.

संध्याकाळी तासभर जगाचं वाचा. जे काम दिवसभर केलं त्याचा धागा कुठल्या देशात, कुठल्या कायद्यात जातो, ते वहीत लिहा. सेमिस्टर संपेल तेव्हा सर्टिफिकेटसोबत ती वहीही हातात असेल. मुलाखतीत मी समोर बसलो असेन, तर आधी वही मागेन.